सुलाबाईंना विलायतेत गप्प बसवलं, त्याची गोष्ट

सुलाबाई निकमांपुढं विलायतेचं नाव काढायचं असेल, तर चार हात लांब उभं राहून काढावं. परवा भाजीच्या गाडीवाला दिनेश सहज म्हणून गेला, "काय मावशी, लेकानं लंडन दाखवून आणलं, नशीब काढलंत बुवा!" सुलाबाईंनी हातातली मेथीची जुडी गाडीवर अशी आपटली की निम्मी पानं रस्त्यावर. "नशीब? तुझं नशीब तुझ्यापाशी ठेव. आन मेथी धड दे, ही पिवळी पडलीय." बिचाऱ्याला काय ठाऊक बाईंच्या डोक्यात काय खदखदतंय! कॉलनीत कुणालाच ठाऊक नाही. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं.

सुलाबाई मूळच्या विंचूरजवळच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यातली चौतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली. तपासणीला साहेब आला तरी आधी त्याला बूट दाराबाहेर काढायला लावायच्या, मग रजिस्टर दाखवायच्या. नवरा झुंबर, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दोघंही पक्के जयभीमवाले. घरात देव्हारा नाही, उपासतापास नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि कपाटात झुंबरची पुस्तकं. हा माणूस ग्रीसचे हात धुऊन यायचा आणि जेवायच्या आधी दोन पानं वाचायचा.

झुंबरला आयुष्यात एकच हौस होती. बाबासाहेब लंडनला शिकायला होते तेव्हा ज्या घरात राहिले, ते घर आता लोकांना बघायला उघडं असतं. त्या घराच्या पायऱ्या चढायच्या, बस्स. रिटायर झाल्यावर त्यानं दोघांचे पासपोर्टसुद्धा काढून ठेवले. आणि तीन वर्षांमागं, डिसेंबरात, झटका आला आणि गेला. आधी शंभरदा बजावलेलं, "माझ्यामागं दहावं नाय, तेरावं नाय, श्राद्ध नाय. रामकुंडावर माझ्या नावानं पाण्यात बोट जरी बुडवलं तर याद राखा." सुलाबाईंनी ते शब्दाला शब्द पाळलं. भावकीतली काही माणसं कुजबुजली, त्यांनाही झापलं. आता पायऱ्या चढायचं तेवढं राहिलं होतं. ते आपण करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुलगा संघर्ष पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत. बायको संजना, मुलगी सायली, दहा वर्षांची. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "आई, उन्हाळ्याच्या सुट्टीत इंग्लंड-स्कॉटलंड करतोय. बारा दिवस. तू पण चल."

"ते घर?" सुलाबाईंनी दुसरं काही विचारलंच नाही.

"शेवटचा अख्खा दिवस लंडन आहे. पक्कं."

मग काय! सुलाबाईंनी पांढरी साडी काढली, बारीक निळ्या काठाची. चौदा एप्रिलला नेसतात ती नव्हे, नवी. इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली. बाकी बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि स्वेटर.

पहिला खडा मुंबईच्या विमानतळावरच लागला. सोबत संघर्षच्या ऑफिसातलं एक जोडपं होतं, हे सुलाबाईंना तिथं कळलं. रविराज आणि हर्षाली. देवळ्याकडचे, घरची कांद्याची शेती, आता दोघंही पुण्यात नोकरीला. रविराज साहेब नव्हे, पण साहेबाच्या कानाजवळचा माणूस. माणसं वाईट म्हणायला जागा नाही, हसून बोलणारी, वाकून नमस्कार करणारी. रविराज संघर्षला 'सॅम' म्हणत होता. सुलाबाईंना वाटलं, असेल बाबा ऑफिसातलं काही. एवढ्यात संघर्ष कानाशी येऊन म्हणाला, "आई, ते पदक आत सार ना पदराच्या." गळ्यात बाबासाहेबांचं चांदीचं पदक. सुलाबाईंना वाटलं, चोराचिलटाची भीती असेल. त्यांनी सारलं आत. आजही त्या म्हणतात, "तिथंच कानाखाली वाजवायला पाहिजे होती. मी येडी, चोर शोधत बसले."

मग सुरू झाली फिरती. भाड्याची मोठी गाडी, रविराज चालवायला, संघर्ष शेजारी मोबाईलवर रस्ता सांगायला. एका माळावर नुसते उभे दगड दाखवले, वर तिकीट. हर्षालीनं फोटो काढून काढून हात दुखवून घेतला. सुलाबाई म्हणाल्या, "आमच्या नाशकातल्या त्रिरश्मी लेण्या बघा म्हणावं यांना. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी आख्खा डोंगर कोरलाय, हितं नुसते धोंडे उभे केलेत."

"पांडवलेणी म्हणतेय आई," संघर्ष घाईघाईनं म्हणाला आणि आइस्क्रीमची गाडी दाखवू लागला.

सुलाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. तो पाहत नव्हता.

पुढं एका जुन्या शहरात, तटबंदीवरून चालताना, हर्षालीनं गप्पा मारता मारता विचारलं, "काकू, तुमचं कुलदैवत कोणतं हो?" सुलाबाई तोंड उघडणार तोच मागून संघर्षचा आवाज, "खंडोबा. चंदनपुरीचा."

"अय्या, आमचं पण!" हर्षाली खूश.

सुलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात ज्या चंदनपुरीचं तोंड पाहिलं नाही, ती बसल्याजागी गळ्यात बांधली! त्यांनी काही बोलायच्या आत सायलीनं त्यांचा हात धरून दाबला आणि अगदी मोठ्या माणसासारखं हळूच म्हणाली, "आजी, नंतर बोल ना." म्हणजे पोरीलासुद्धा पढवून ठेवलेलं! सुलाबाई त्या तटावरून उतरल्या त्या दातओठ खातच.

एडिंबराच्या हॉटेलात संध्याकाळी रविराज-हर्षाली किल्ल्याखालच्या बाजारात गेले, तेव्हा सुलाबाईंनी मुलाला खोलीत समोर बसवला. संजना खिडकीशी उभी राहिली.

"काय चाललंय रे? कोण आपण? सांग की मला पण, म्हंजे मी बी तसंच बोलंन."

"आई, प्लीज. हळू."

"हळू? चौतीस वर्षं मी हळू बोलले नाय. तुझ्या बापानं डेपोत रोज सकाळी गेटपासून जयभीम घालत आत जायचं. कुणी घेतला, कुणी नाय घेतला. त्यानं घालायचा सोडला नाय. आन तू विलायतेला येऊन खंडोबा सांगतो?"

संघर्षनं खोलीचं दार नीट लावून घेतलं. मग म्हणाला, "तुला माहीत नाही आई. आधीच्या कंपनीत एका पोरानं सहज विचारलं, मी सहज सांगितलं. मला बढती मिळाली त्या दिवशी मागं म्हणाले, कोट्यातला आहे. खासगी कंपनीत कसला आलाय कोटा? पण म्हणाले. काम चुकलं की हसायचे, बरोबर आलं की गप्प बसायचे. मला परत ते नको. सायलीला तर नकोच नको."

हे ऐकून सुलाबाईंना लेकाचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोला. त्या पोरांचं नाव-गाव कळलं असतं, तर त्यांनी नाशिकहून जाऊन त्यांच्या टेबलावर ताट आपटलं असतं. पण वाईट वाटलं म्हणून लेकावरचा राग गेला, असं नाही झालं. उलट तो दोन्हीकडं पसरला.

"आन ते घर?"

"जाणार ना. त्यांना शॉपिंगला पाठवू. आपण चौघं गुपचूप जाऊन येऊ."

गुपचूप! बाबासाहेबांच्या घरी गुपचूप! सुलाबाई उठल्या आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. बोलून निघून जावं, तर जायचं कुठं? परदेश, खिशात मुलाचेच पैसे, पासपोर्टही त्याच्याच पाकिटात. आणि घर तर बघायचंच होतं. झुंबरसाठी. तेवढ्यासाठी त्या मूग गिळून बसल्या. तळी पाहिली, बोटीत बसल्या, मेंढ्या पाहिल्या, राजाचा वाडा बाहेरून पाहिला. काय पाहिलं ते आज विचाराल तर एक सांगता येणार नाही. रागात माणसाला दिसतं होय काही?

बारावा दिवस उजाडला. लंडन. सुलाबाई पहाटेच उठल्या, अंघोळ केली, ती पांढरी साडी नेसल्या, पदक पदरावर घेतलं आणि खाली नाश्त्याला आल्या. आपल्यात अशा ठिकाणी पांढरं नेसून जातात, सणासारखं. त्या खरंच खुशीत होत्या, बारा दिवसांत पहिल्यांदा.

हर्षालीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. "काकू, आज पांढरी साडी? काही आहे का आज?"

सुलाबाईंनी तोंड उघडलं. पण संघर्ष आधी बोलला, "आज बाबांची तिथी आहे. श्राद्ध असतं त्यांचं. आई पाळते."

ऐका. तिथी. श्राद्ध. ज्या माणसानं शंभरदा सांगितलं, माझ्या नावानं पाण्यात बोट बुडवू नका, त्याचं श्राद्ध त्याच्या पोटच्या पोरानं लंडनच्या हॉटेलात, ब्रेडला लोणी लावता लावता घालून टाकलं.

"अगं बाई, सांगायचं ना आधी!" हर्षालीनं पुढ्यातलं अंडं बाजूला सारलं. जाऊन सगळ्यांसाठी फळं आणि दही घेऊन आली. मग कागदाच्या रुमालावर एक घास काढून खिडकीच्या बाहेर कठड्यावर ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. "इथं कावळे येत असतील ना हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. रविराज सुलाबाईंजवळ वाकून म्हणाला, "काकू, त्र्यंबकला आमचे गुरुजी आहेत. परत गेलो की काकांचं सगळं व्यवस्थित करून घेऊ. तुम्ही काळजी करू नका."

"माझ्या माणसाचं कुणी काय करायचं नाय," सुलाबाई म्हणाल्या आणि उठल्या. आवाज फाटला होता. त्या दोघांना वाटलं असेल, दुःखानं.

रविराज-हर्षाली खरेदीला गेले आणि हे चौघं बसमध्ये बसले. संजना सासूच्या कानाशी लागली, "आई, मी सांगत होते यांना, इतकं नको म्हणून…"

"सांगत होतीस, पण बसलीसच ना गप्प? मी बी बसले. आपण तिघं बी एकाच माळेचे मणी," सुलाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाही तेवढाच संताप आला होता. नाश्त्याच्या टेबलावर हात आपटून चार शब्दांत खरं सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? हे त्या अजूनही स्वतःला विचारतात.

घर आलं. शांत गल्ली, एकाला एक लागून घरं, आणि त्यातल्या एकावर ती निळी गोल पाटी. सुलाबाईंनी पाटीवरचं नाव वाचलं. इंग्रजी होतं, पण ते नाव त्या कुठल्याही भाषेत वाचतील. पायऱ्यांशी आल्या आणि वळल्या. संघर्ष मागं होता. त्यांनी हात आडवा धरला.

"तू नाय यायचं."

"आई?"

"तुझा खापरपणजोबा काळारामाच्या दारात उभा होता. त्याला लोकांनी आत येऊ दिलं नाय. तुला मी येऊ देत नाय. त्याचा काय दोष नव्हता, तुझा हाय. त्या रविराजला फोन लाव. सांग, आज माझ्या बापाचं श्राद्ध-बिद्ध काय नाय, मी बाबासाहेबांच्या घरापुढं उभा हाय, आन आम्ही जयभीमवाले हाय. एवढं बोल, आन खुशाल वर ये. मी सकाळीच सांगितलं असतं. पण खोटं तुझ्या तोंडातून गेलंय, खरं बी तुझ्याच तोंडातून जाऊ दे."

"आई, इथं रस्त्यावर तमाशा नको करू…"

"मग बस भाईर."

आणि त्या पायऱ्या चढल्या. सात का आठ होत्या, मोजायच्या ठरवल्या होत्या, पण मोजायच्या राहूनच गेल्या. आत गेल्या. भिंतीवर बाबासाहेबांचे फोटो, खोलीत कॉट, टेबल, पुस्तकं. ज्या खोलीसाठी झुंबरनं पासपोर्ट काढला होता, त्या खोलीत त्या उभ्या होत्या, आणि डोक्यात काय? कठड्यावरचा तो घास आणि लोणी लावणारा हात. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते सुद्धा येईना. "मेल्यानं एवढं बी सुखानं बघू दिलं नाय," त्या संजनाला म्हणाल्या, आणि मग मात्र रडल्या. रागानं रडल्या. बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडून, तोंडात पदर कोंबून.

सायली मधेच खाली जाऊन आली. "आजी, पप्पा म्हणाले, त्यांचे पाय दुखतायत, म्हणून ते खालीच बसलेत."

सुलाबाई तशाच जिना उतरल्या, दारात उभ्या राहिल्या आणि अंगणवाडीच्या आवाजात ओरडल्या, "काय रे संघर्ष, पाय दुखतात व्हय तुझे?" समोरून कुत्रं घेऊन चाललेली एक गोरी म्हातारी दचकून थांबली. संघर्ष फूटपाथवर बसला होता, मोबाईल हातात. त्यानं मान वर केली नाही. पण सुलाबाई परत वर गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या, तेव्हा मोबाईल त्याच्या कानाला लागलेला दिसला. तो बोलत होता. मग बराच वेळ नुसता ऐकत होता.

पंधरा मिनिटांनी तो वर आला. चेहरा पार उतरलेला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

संघर्षनं भिंतीला हात टेकला. "म्हणाला, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विमानतळावर पासपोर्ट एकत्र केले तेव्हा माझं नाव वाचलं, बाबांचं नाव वाचलं, आणि आई, तुझं पदक दिसलं. मी लपवतोय म्हणून त्यांनी विषय काढला नाही. आमच्या मनात काही नाही म्हणाला."

"मनात काय असायला पायजे होतं त्याच्या?" सुलाबाई कडाडल्या. "आन सकाळचा घास? तवा बी माहीत होतं?"

"हो. मी म्हणालो श्राद्ध, म्हणून… मला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे बारा दिवस ते ढोंग करत होते, हा ढोंग करत होता, आणि मधल्यामधे झुंबरचं श्राद्ध तेवढं घालून झालं. त्यांना एकाच वेळी देवळ्याच्या त्या दोघांना आणि ह्या दिवट्याला धरून हलवावंसं वाटलं. काय बोलावं ते जुळवत होत्या, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक म्हातारं जोडपं वर आलं. बहुतेक विदर्भाकडचं. म्हातारीनंही पांढरी साडी नेसलेली. सुलाबाईंचे कपडे पाहून तिचं तोंड उजळलं. जिन्याजवळ सायलीच पुढं उभी होती. म्हातारीनं वाकून तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "जयभीम, बेटा! कुठले गं तुम्ही?"

सायलीनं एक पाऊल मागं घेतलं. आजीकडं पाहिलं नाही, बापाकडं पाहिलं नाही. चटकन, पाठ केल्यासारखं म्हणाली, "आम्ही ते नाही आहोत. आम्ही फक्त बघायला आलोय."

म्हातारीचा हात गालावरून निघाला. "असं होय," ती म्हणाली आणि ओशाळून नवऱ्याकडं सरकली.

सुलाबाई पुढं झाल्या आणि त्या दोघांना मोठ्यानं जयभीम घातला. मग वळून त्यांनी मुलाकडं पाहिलं. ओरडल्या नाहीत.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "तिला आता मी काय सांगणार नाय. तूच सांग."

संघर्ष लेकीसमोर गुडघ्यावर बसला. तिचे दोन्ही हात हातात घेतले. सायली त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती, आपण बरोबर बोललो ना, असं विचारल्यासारखं.